दोघांची साय

सोमवारी स्टॅनिफोर्थ आले, स्टॉक्सब्रिजहून, दोन बस बदलून,
मांडीवर कॉर्नेटची पेटी.
वरचा पुढचा डावा दात रक्त देतो म्हणाले,
सकाळी उशीवर नाण्याएवढा डाग.

तो दात नव्हे.
चार वर्षांपूर्वी मीच त्यांच्या हाडात
पिळून बसवलेला टायटॅनियमचा खिळा आहे तो,
वर चिनीमातीची टोपी.
जन्माचा दात हाडाला हजार दोऱ्यांनी टाचलेला असतो.
खिळ्याला हिरडी नुसती बिलगते,
काचेला ओला कागद बिलगावा तशी.
सळई आत घातली : तीन, चार, सात.
सातला ब्रॉनविनची पेन्सिल थांबली.

खरवडून निघालं ते काचपट्टीवर घेतलं.
अहवालात मी त्याला जैवपटल लिहिते.
तोंडात मात्र शब्द येतो, साय.
दुधावरची नव्हे,
आठवडाभर न घासलेल्या तांब्याच्या आत
बोट घसरतं, ती.

भिंगाखाली गोल गोल जंतू, साखळी धरून उभे.
ही ओळखीचीच मंडळी,
लाळेत जन्मभर भाडं न भरता राहणारी.
पण त्यांच्यामधून एक लांब तंतू गेला होता
कळकाच्या परांचीसारखा,
आणि गवंडी चढावेत तसे जंतू त्याच्यावर चढलेले.

बुरशी.

तीन वर्षं तळमजल्यावर मी हेच करते आहे.
बशीत हिरडी वाढवते, बाळाच्या टाळूइतकी मऊ.
नुसते जंतू सोडले, तिनं थोडं सोसलं, निभावलं.
नुसती बुरशी सोडली,
ती पाहुण्यासारखी पायरीवरच बसून राहिली.
दोघांना एकत्र सोडलं
आणि तिसऱ्या सकाळी
हिरडी कुठे संपते, भोक कुठे सुरू होतं
मला मोजता येईना.
लीड्सच्या परिषदेत हे सांगितलं तेव्हा
मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं विचारलं,
तोंड म्हणजे बशी का?
नाही. मान्य आहे.
बशीला लाळ सुटत नाही,
बशी कॉर्नेट वाजवत नाही.

विचारलं, छातीचा फवारा घेता?
"तपकिरी, लव्ह. सकाळी दोन, रात्री दोन.
भट्टीपाशी चाळीस वर्षं काढली ना."
मग चूळ भरता?
"तसं कुणी सांगितलं नाही."

खोक्यात कागद असतो, त्यावर लिहिलेलं असतं,
मुंगीच्या अक्षरात.
चार वर्षांत मीही विचारलं नव्हतं.

म्हटलं, पेटी उघडा जरा.
मुखनळी आतून हिरवट. बोट फिरवलं.
घसरलं.
ते ओशाळले. मग खिडकीकडे बघत म्हणाले,
"मेव्हिसची आहे. बँडमध्ये तीच वाजवायची.
ती गेल्यावर मी शिकलो.
आतमध्ये तिचं काही असेल अजून,
धुतलं तर"
पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही.

मी हिरडीखाली घासलं, चाळीस मिनिटं.
बुरशीचं औषध लिहिलं, चूळ लिहिली, ठळक.
हाड दोन मिलिमीटर खचलं आहे,
खिळा टिकेल का ते सांगता येत नाही, हेही सांगितलं.
नोव्हेंबरात गावच्या पबात कॅरोल सुरू होतात,
तोवर राहील का, त्यांनी विचारलं.
मी तारीख मोजल्यासारखं केलं.

ब्रॉनविन म्हणाली, मुखनळीचं काय लिहू?
लिही, रुग्ण कॉर्नेट वाजवतात. एवढंच.

जाताना ते बेसिनपाशी थांबले.
तीनदा चूळ भरली, शाळकरी पोरासारखी, खळखळून.
मग हात खिशात गेला,
मुखनळी बाहेर आली,
नळ तसाच वाहत होता.
बराच वेळ.
मग त्यांनी नळ बंद केला,
ती कोरडीच खिशात ठेवली
आणि बसची वेळ विचारली.